पदकाच्या कडेवरचं नाव : आमच्या दुकानाची वाटचाल

आमचं दुकान मुळात बाइंडिंगचं. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात आप्पांनी एका खोलीत ते मांडलं, तेव्हा वर्षाची कामं ठरलेली असायची. दिवाळीआधी व्यापाऱ्यांच्या खतावण्या आणि रोजमेळ, जूनमध्ये शाळांची हजेरीपुस्तकं आणि श्रावण तोंडावर आला की घरोघरच्या पोथ्या. जुजबंदी शिवण, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्यानं एकत्र शिवायच्या, कापडी कणा आणि खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. जुनं पुस्तक उसवलं की आप्पा त्याचा पुठ्ठा पाण्यात भिजत घालायचे. पूर्वी रद्दी कागद एकावर एक चिकटवूनच पुठ्ठे करत. ते थर सुटले की आतून मोडी पत्रं निघायची, कानडी पावत्या निघायच्या, सांगली संस्थानचा शिक्का असलेले कोर्टाचे कागद निघायचे. संस्थानं विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांकडे होतं, शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. आप्पा ते कागद दोरीवर वाळवून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. "कुणाचं तरी नाव आहे गा त्यावर, टाकवत नाही," एवढंच म्हणायचे.

हिशेब संगणकावर गेले आणि खतावण्यांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. २००१ साली दुकान माझ्या हातात आलं तेव्हा शाळांची थोडी कामं आणि ती पेटी एवढंच शिल्लक होतं. मी रविवारी भंगारवाल्यांकडे फिरायला लागलो. किलोवर मिळणारी जुनी पुस्तकं आणायची, शिवायची, कणा बसवायचा आणि विकायची. पहिली मोठी विक्री झाली ती मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची. कणा पार गेलेला, पानं मात्र शाबूत. गिऱ्हाईक गडहिंग्लजचे निवृत्त मास्तर. त्यांनी पैसे तीन हप्त्यांत दिले आणि शेवटच्या हप्त्याबरोबर रुमालात बांधलेल्या सात शिवराया, म्हणजे मराठ्यांची तांब्याची नाणी, आणल्या. "ह्याही कुणाला हव्या असतील तर बघ," म्हणाले. नाण्यांचा धंदा तिथून लागला.

त्या शिवरायांचं मी काय केलं ते सांगितलंच पाहिजे, कारण अजूनही लोक तेच करतात. मी त्या चिंचेच्या कोळात घासल्या. देवघरातली तांब्याची भांडी घासतात तशा. लखलखीत झाल्या. पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका जाणत्या संग्राहकांना दाखवल्या, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तांब्यावर दोन-तीनशे वर्षांत जो काळपट हिरवा थर चढतो तो नाण्याचं कवच असतो आणि अस्सलपणाची खूणही. तो मी एका दुपारी धुऊन टाकला होता. आजही दुकानात कुणी चकचकीत नाणं घेऊन आलं की माझ्या पोटात कालवतं. नाणं कसंही असो, घासू नका. साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडानं टिपा, त्यापुढे काही नको.

पुढे शिवराईनंच मला बनावट ओळखायला शिकवलं, तेही नुकसान करून. एका लिलावात मी बारा शिवरायांचा लॉट फोटो बघून घेतला. लिलावगृहाचं नाव घेत नाही. नाणी हातात आली आणि दोन नाण्यांवर 'श्री राजा शिव' ही अक्षरं अगदी एकाच जागी कापली गेलेली दिसली. शिवराई हातानं ठोकायची, ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकुराचा कुठला भाग चकतीवर उतरेल ते दर ठोक्याला बदलायचं. दोन शिवराया तंतोतंत सारख्या निघणं शक्य नाही. सारख्या निघाल्या याचा अर्थ एकीचा साचा करून दुसरी ओतलेली. भिंगातून बघितलं तर कडेला साच्याची शिवण आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. पैसे परत मिळाले नाहीत. ती दोन नाणी मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत आणि नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो.

सोन्याच्या नाण्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. आपल्या भागात त्यांचा इतिहास मोठा. खानापूर तालुक्यातलं हलशी हे कदंबांचं ठाणं, विजयनगरची 'वराह' ही सोन्याची नाणी इथे चालली, आणि सोन्याच्या नाण्याला 'होन' हा शब्दच कानडी होन्नुवरून आलेला. खरं, 'शिवराई होन' म्हणून दाखवायला आणलेलं जे जे मी पाहिलं, त्यातलं एकही मी छातीठोकपणे अस्सल म्हणू शकलो नाही. आणि शेतात किंवा घराचा पाया खणताना काही सापडलं म्हणून कुणी आलं तर आम्ही हातही लावत नाही. जमिनीतली ठेव आधी सरकारला कळवावी लागते. तहसीलदार कचेरीचा रस्ता दाखवतो आणि चहा पाजून पाठवतो.

आता पदकांविषयी. दुकान खऱ्या अर्थानं बदललं ते त्यांच्यामुळे.

२००६ च्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावी पुस्तकं बघायला गेलो होतो. घरातले मास्तर वारलेले, आजी एकट्या. पुस्तकं बघून झाली, आजींनी ताक दिलं. ताकाच्या मडक्यावर झाकण होतं ते काळपट धातूचं, हाताच्या पंजाएवढं. मी सहज उलटलं. हातात त्रिशूळ घेतलेली, शिरस्त्राण घातलेली उभी बाई, पायाशी सिंह, आणि बाजूच्या चौकटीत उठावदार इंग्रजी अक्षरांत एक मराठी नाव.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी ब्रिटिश सरकार काशाची अशी तबकडी पाठवत असे. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. त्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव. सगळे मेलेले सारखे, असा विचार त्यामागे होता.

"सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं," आजी म्हणाल्या. "लढाईला गेले ते आलेच न्हाईत. सरकारनं ताट दिलं म्हणं. इकायचं न्हाई, खरं बघा तुम्ही."

मी म्हटलं, "आजी, यावर त्यांचं नाव लिहिलंय."

त्यांना ते ठाऊक नव्हतं. घरात ती तबकडी त्यांच्या सासूच्या वेळेपासून होती. मास्तरांनी ती कधी निरखून पाहिली नसावी किंवा पाहून सांगितलं नसावं. मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग उठल्या, राखेनं घासायला निघाल्या, तेव्हा मी घाईनं म्हटलं, नुसत्या पाण्यानं धुवा. धुतली, पदरानं पुसली आणि देवघरात नेऊन ठेवली. मडक्यावर पितळी ताटली आली. मी पुस्तकांचे पैसे देऊन निघालो.

पुढे जे वाचलं त्यानं त्या तबकडीचं वजन अजून वाढलं. आपल्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर कैदेतल्या कूचमध्ये किती गेले ते वाचवत नाही. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, तिथे चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे. पण दगडावर नावं कोरली ती इंग्रजांची आणि हिंदी अंमलदारांची. हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. २०२१ साली युद्धकबरींच्या आयोगानं याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे आमच्या खानापूर-चंदगडकडच्या शिपायाचं नाव धातूत कुठे उतरलं असेल तर ते या तबकडीवर आणि पदकाच्या कडेवर.

होय, कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची जाडी नीट उजेडात धरली की बारीक ठोकलेली अक्षरं दिसतात : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धाची पदकं इंग्लंडमधल्या शिपायांना कोरीच मिळाली, हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र नावं आहेत. हे घरच्यांना सहसा माहीत नसतं. त्यांना चांदी माहीत असते. १९१४-१८ चं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, सुमारे ३० ग्रॅमचं. १९८० च्या सुरुवातीला चांदीचा भाव जगभर भडकला तेव्हा अशी असंख्य पदकं मोडीत गेली. आमच्या पेठेतल्या एका वृद्ध सोनारांनी मला सांगितलं, एका आठवड्यात त्यांनी मुठीनं पदकं आटवली. त्याच शिपायाचं दुसरं पदक, इंद्रधनुषी रिबनीचं, काशाचं. ते सोनार घेत नसे म्हणून घरात राहिलं. त्यामुळे जोडी फुटलेली पदकंच जास्त येतात.

मुंबईच्या लिलावात मी पहिल्यांदा बसलो तो अशाच एका न फुटलेल्या संचासाठी. ११७ व्या पलटणीच्या एकाच शिपायाची तीन पदकं. आकडा घरी ठरवून चिठ्ठीवर लिहून नेला होता. कोल्हापूरच्या गुळाचा रुमालाखालचा सौदा मी लहानपणी बघितलेला. तिथे बोटं बोलतात, भाव शेजाऱ्यालाही कळत नाही. इथे सगळं उघड. समोरचा पाटी वर करतो आणि आपलं रक्त तापतं. खिशातल्या चिठ्ठीनं त्या दिवशी मला वाचवलं. हातोडा पडतो त्या किमतीवर लिलावगृहाचं कमिशन आणि वर कर असतो, हे धरूनच आकडा लिहायचा. संच मिळाला आणि बाकीच्या सगळ्या लॉटांवर मी हात मांडीखाली धरून बसलो.

त्या संचापासून दुकानाचा नियम झाला. पदक आलं की आधी घर शोधायचं. वारसांना हवं असेल तर आमच्या खरेदीच्या भावात, हप्त्यानं दिलं तरी चालतं. एक वर्ष थांबायचं, मगच विक्रीला काढायचं, तेही पूर्ण संच आणि मिळाली ती माहिती लिहून सोबत देऊन. माझा भाऊ, जो हिशेब बघतो, त्याचं आणि माझं यावरून बरेच दिवस वाजलं. वर्षभर पैसे अडकतात, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण आजवर अकरा संच घरी गेलेत, आणि त्या घरांनी पुढे आणून दिलेल्या पुस्तकांवर आणि कागदांवर दुकान चाललंय. स्वतंत्र भारताची शौर्यपदकं मात्र आम्ही घेत नाही, कुणी कितीही अडचणीत असला तरी. त्याला दुसरी वाट काढून देतो.

शंभर वर्षं झाली की वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. व्यापाराला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं अलीकडेच ती शंभरी ओलांडून गेली. परदेशातले संग्राहक मोठे आकडे कळवतात, आम्ही नाही म्हणून लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या. पाणी ओसरल्यावर गोकाकहून, चिकोडीकडून पोती यायला लागली. पुस्तकं, सातबाऱ्याचे उतारे, मोडी बाडं, सगळा चिखलाचा लगदा. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. उन्हात टाकलं तर पानं वेडीवाकडी होऊन चिकटतात. एवढं एकदम वाळवायला जागा कुठली? तेव्हा आइस्क्रीमवाल्या मित्राचा डीप फ्रीजर मागितला. पुस्तकं बटर पेपरात गुंडाळून त्यात उभी ठेवली. गोठली की बुरशी थांबते. मग रोज चार-पाच काढायची, पानांमध्ये टिपकागद घालायचे, पंख्याखाली ठेवायची, टिपकागद बदलत राहायचं. घरातल्या बायकांनी, वहिनीनं आणि माझ्या लेकीनं हे काम नोव्हेंबरपर्यंत केलं. पैसे फक्त कागदाचे घेतले. वह्या शाईच्या होत्या त्या बऱ्याचशा धुऊन गेल्या. मोडीची काजळीची शाई मात्र टिकली, पाण्यातून निघूनही काळीभोर.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या दोन रुपयांच्या नोटेला लाखो मिळतात, अशा मेसेजवरून दर आठवड्याला कुणीतरी येतं. काहींनी 'फी' म्हणून हजारो रुपये आधीच भरलेले असतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलीही फी घेत नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा माणूस खरेदीदार नव्हे.

सध्या टेबलाच्या खणात एकच पदक आहे, मागच्या लिलावातलं. ११० व्या पलटणीचा शिपाई. युद्धकबरींच्या आयोगाच्या नोंदवहीत त्याचं नाव सापडलं, पुढे वडिलांचं नाव आणि गाव. गावाचं स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनानं कानानं लिहिलेलं, त्यामुळे चिकोडीकडची दोन गावं त्यात बसतात. येत्या रविवारी लेकीला घेऊन दोन्हीकडे जाऊन यायचं ठरलंय. पदक बरोबर नेणार आहे.