तुम्ही विचारलंत म्हणून: फार्मासिस्टला आता अजून काय शिकायचं असतं?

सुट्टीच्या दिवशी बॅग खांद्याला लावून निघाले की सोसायटीत कुणीतरी विचारतंच, "आज कुठे?" ट्रेनिंगला चालले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तुमचं शिक्षण कधीच झालं, नोकरीलाही बरीच वर्षं झाली. डॉक्टर लिहून देतात, तुम्ही गोळ्या काढून देता. त्यात अजून शिकायचं काय असतं?" नातेवाईक विचारतात, लोकलमधल्या मैत्रिणी विचारतात, कधी खिडकीपलीकडचे पेशंटही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, कारण बाहेरून आमचं काम तेवढंच दिसतं. जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या ओपीडी फार्मसीत काम करते. वॉर्डात भरती असलेल्या माणसाला गोळी सिस्टर हातात आणून देतात, ती घेतली की नोंद होते, काही बिघडलं तर डॉक्टर धावत येतात. ओपीडीतला माणूस सकाळी केसपेपरच्या रांगेत लागतो, मग तपासणीच्या, मग रक्ताच्या, आणि दुपारी आमच्या खिडकीशी पोचतो तेव्हा त्याचं निम्मं लक्ष गाडीच्या वेळेकडे असतं. पुढची तारीख महिन्यानंतरची. मधल्या दिवसांत तो औषध कसं घेतो हे बघायला कुणी नसतं. औषधाबद्दल त्याच्याशी बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे मी, आणि मला मिळतात दोन-तीन मिनिटं. सगळं सांगायला गेलं तर त्याच्या काहीच लक्षात राहत नाही. नेमकं काय सांगायचं आणि काय सोडून द्यायचं, ते औषधागणिक बदलतं, माणसागणिक बदलतं. आमचा सगळा अभ्यास त्यासाठी असतो.

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटवाली आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटवाली. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. वर्षानुवर्षं ४० ची बाटली वापरणाऱ्या काकांना डॉक्टर एखाद दिवशी नवं, रात्री एकदाच घ्यायचं इन्सुलिन लिहून देतात आणि ते येतं १०० च्या बाटलीत. घरी लाल टोपणाच्या सिरिंज उरलेल्या असतात. पैसे मोजून आणलेल्या वस्तू कोण फेकतं? त्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत औषध भरलं की शरीरात २५ युनिट जातात. अडीचपट. रात्रीतून साखर उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि झोपेत असलेल्या माणसाला हाक मारायचंही भान राहत नाही. चिठ्ठी बरोबर असते, बाटली बरोबर असते, डोसही बरोबर लिहिलेला असतो. म्हणून १०० ची बाटली देताना मी आधी विचारते, "काका, घरच्या सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे?" हा प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. नोकरी लागल्यानंतरच्या एका प्रशिक्षणात आम्हाला दोन्ही सिरिंज हातात दिल्या, १० च्या रेघेपर्यंत रंगीत पाणी भरायला लावलं आणि शेजारी शेजारी धरून बघायला सांगितलं. तो फरक डोळ्यांनी पाहिल्यावर विसरणं शक्य नाही.

मेथोट्रेक्सेटही असंच. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्या माणसांना सवय रोजच्या गोळीची, सकाळ-दुपार-संध्याकाळची. ही गोळी रोज पोटात गेली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. "आठवड्यातून एकदा" एवढं सांगून भागत नाही. मी पेशंटलाच वार ठरवायला लावते आणि पाकिटावर जाड पेनने लिहिते, "फक्त रविवारी". सोबतच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या पाकिटावर डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा वार. मग त्यांनाच परत म्हणून दाखवायला सांगते. बाई घाईत असतात, मागची रांग कुरकुरते, तरी हे मी सोडत नाही.

दुसरं कारण, शिकलेलं जुनं होतं. मी शिकत होते तेव्हा मधुमेहाच्या धड्यात मेटफॉर्मिन होतं, ग्लिमेपिराइड होतं, इन्सुलिन होतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं त्या पुस्तकात नव्हती. डॅपाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. पेटंट संपलं की अनेक कंपन्या ते औषध काढतात, किंमत उतरते, आणि काल फक्त मोठ्या खासगी क्लिनिकमध्ये लिहिली जाणारी गोळी ओपीडीतल्या मावशींच्या चिठ्ठीवर दिसू लागते. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे जननेंद्रियाच्या जागी खाज, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आपल्याकडच्या बायका हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. गुपचूप सोसतात किंवा गुपचूप गोळी बंद करतात. म्हणून तो विषय मीच आवाज खाली आणून काढते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. उलट्या-जुलाब लागले, जेवण बंद झालं, किंवा नवरात्राचे कडक उपवास धरले, तर या गोळीवर असताना रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा मीटरवरची साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. घरचे म्हणतात, शुगर तर ठीक आहे. तेव्हा आजारपणात, उपवासाआधी, ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी, डॉक्टरांना विचारूनच ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवा, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. माझ्या पदवीत यातलं अक्षरही नव्हतं. नोकरीनंतर शिकले नसते तर आज मी काय बोलले असते?

मुंबईचा पावसाळा हा तर आमच्यासाठी वेगळाच अभ्यासक्रम आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पुरानंतर शहरात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ आली. तेव्हापासून लेप्टो हा शब्द इथल्या पोरांनाही माहीत आहे. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका पावसाळ्यात सांगत असते. दादरजवळच्या हिंदमाताला पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी मेडिकलवर माणसं येतात, "ताई, लेप्टोची गोळी द्या." ती गोळी म्हणजे बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लीन. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, जवळच्या पालिका दवाखान्याचा पत्ता सांगायचा, हा झाला नियम. खरी कसोटी त्यापुढे लागते. समोरची बाई गरोदर आहे का? गोळी आठ वर्षांच्या आतल्या मुलासाठी हवी आहे का? मग डॉक्टर दुसरं औषध देतात. मोठ्या माणसाला दिली तर जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, हे सांगायलाच हवं, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. रात्रपाळी करून आलेला माणूस घोटभर चहाबरोबर गोळी टाकतो आणि झोपतो. शिवाय पित्तासाठीचं अँटासिड किंवा कॅल्शियम सोबत घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. याच दिवसांत डेंग्यूही असतो, तेव्हा तापासाठी पॅरासिटामॉल चालतं पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे काउंटरवरच्या प्रत्येकाला झोपेतही आठवलं पाहिजे.

नियमही बदलत राहतात. २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी, लागू झालं. टीबीची औषधं, काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या काही गोळ्या यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षं जपायची. २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत किंवा बाटलीत दोन-तीन औषधं असलेल्या) बंदी आली, २०२४ मध्ये आणखी १५६. लहान मुलांच्या सर्दीच्या थेंबांमध्ये सर्रास असणारी क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. खोकल्याच्या औषधांचं काय होऊ शकतं हे तर मुंबईने फार आधी भोगलंय असं म्हणावं लागेल, कारण विष तेच आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं गेली ती खोकल्याच्या औषधातल्या याच विषाने. बाटली उघडून ते ओळखणं खिडकीवर शक्य नाही. पण सूचना आली की त्याच दिवशी बॅच नंबर तपासून माल बाजूला काढणं, आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी खोकल्याचं औषध मागणाऱ्या आईला थांबवून डॉक्टरांकडे पाठवणं, हे आमच्या हातात आहे.

आता नियम काय म्हणतो? फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणे फार्मासिस्ट म्हणून असलेल्या नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत किमान दोन, एकेक दिवसाचे रिफ्रेशर कोर्स करावे लागतात. नियम आला हे चांगलंच झालं. पण पाच वर्षांत दोन दिवस? वर सांगितलेल्या यादीतल्या किती गोष्टी एवढ्या काळात बदलल्या ते बघा. शिवाय बऱ्याच ठिकाणी तो दिवस म्हणजे मोठा हॉल, शेवटच्या रांगेतून न दिसणाऱ्या स्लाइड, जेवण आणि प्रमाणपत्र. बोलणारे विद्वान असतात, पण विषय कारखान्याचा किंवा प्रयोगशाळेचा. खिडकीचा नसतो. अमेरिकेत ओपीडीतल्या फार्मसीला स्वतंत्र स्पेशालिटी मानतात आणि तिचं बोर्ड सर्टिफिकेट २०११ पासून मिळतं. तसंच्या तसं इथे आणा असं माझं म्हणणं नाही. आमची रांग वेगळी, आमचे पेशंट वेगळे. पण हे काम वेगळं आहे आणि त्याचं शिक्षण वेगळं लागतं, एवढं तरी आपण मान्य करावं.

आम्ही काहीजणी ड्युटी संपल्यावर आठवड्यातून एकदा बसतो. नाव झाकलेली एक चिठ्ठी मध्ये ठेवायची आणि त्यावरच बोलायचं. कुठली दोन औषधं एकमेकांच्या वाटेत येतात? हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन शेजारच्या खणात का नकोत? एक खाजेचं, एक रक्तदाबाचं. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) झालेली आमची सर्वांत लहान सहकारी मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कसा बदलतो ते आम्हाला शिकवते, आणि आमच्या जुन्या ताई तिला शिकवतात की भेंडीबाजारातून आलेल्या आजोबांना ते कुठल्या शब्दांत सांगायचं. गेल्या खेपेला दम्याची यंत्रं आणली होती. त्यात भरायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट आम्ही सगळ्यांनीच पाहिलेत. "दिवसातून दोन कॅप्सूल" असं ऐकून गेलेला माणूस दुसरं करणार काय? म्हणून आता यंत्र दिलं की तिथेच, समोर, एकदा करून दाखवायचं. श्वास आधी पूर्ण सोडा, मग जोरात ओढा, दहा आकडे होईपर्यंत धरा. स्टेरॉइडवालं असेल तर नंतर चूळ भरा. आमच्यातल्या दोघींनाही ते पहिल्यांदा नीट जमलं नव्हतं. सरावानेच जमलं.

मला सर्वांत जास्त वाटतं ते गल्लीतल्या मेडिकलमध्ये उभ्या असलेल्या मुलामुलींबद्दल. सकाळी दुकान उघडायचं, रात्री बंद करायचं, मध्ये जेवायला धड जागा नाही. त्यांना शिकायचं नाही असं नाही, त्यांना सुट्टी मिळत नाही. ट्रेनिंगला गेलं की त्या दिवसाचा पगार कापला जातो. दुकानमालकांनी महिन्यातली एक दुपार भरपगारी द्यावी. कॉलेजांनी आपल्या प्रयोगशाळा संध्याकाळी उघडाव्यात, आणि त्या ठाणे-कल्याणकडेही उघडाव्यात, कारण दिवसभर उभं राहिलेला माणूस रात्री पुन्हा दक्षिण मुंबईपर्यंत उलटा येणार नाही. कोर्समध्ये वीस-पंचवीसच माणसं असावीत आणि प्रत्येकाच्या हातात सिरिंज, इन्हेलर, खरी चिठ्ठी यावी. आणि विषयांचं वेळापत्रक लावताना कॅलेंडर समोर ठेवावं. उपवासातल्या मधुमेहाच्या औषधांचा विषय रमजानच्या आणि नवरात्राच्या आधी, आणि लेप्टो-डेंग्यूचा मे महिन्यात. जुलैत तो घेतला तर तोवर माणसं त्या पाण्यातून चालून आमच्या खिडकीशी आलेली असतात.