काका म्हणाले, ती गोळी नको सांगू

मी चीनमध्ये ग्वांगझूला दुभाषी म्हणून काम करते. वर्षातून दोनदा कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, तेव्हा आपल्याकडचे बरेच व्यापारी येतात, त्यांच्याबरोबर स्टॉल-स्टॉल फिरायचं, भाव बोलायचे, भाजीत मांस नाही ना ते विचारून घ्यायचं, हे नेहमीचं. पण एप्रिलच्या फेअरमधला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही.

सोलापूरचे एक काका, साठी ओलांडलेले, टॉवेलचा कारखाना, मशिनरी बघायला आलेले. फेअरचे हॉल एवढे मोठे की चालून चालून जीव जातो, तिसऱ्या दिवशी काकांचा गुडघा सुजला, जिना उतरवेना. म्हणाले, पोरी, आलोच आहे तर त्या सुयावाल्या डॉक्टरकडे ने. मी त्यांना चिनी पद्धतीच्या एका हॉस्पिटलात नेलं. इथे अशा हॉस्पिटलात जडीबुटी आणि सुया असतात, आणि त्याच बिल्डिंगमध्ये रक्ततपासणी नि सोनोग्राफीसुद्धा.

डॉक्टरबाई बऱ्याच वयस्कर होत्या. सोलापूर म्हटल्यावर मी डॉक्टर कोटणीसांचं गाव असं सांगितलं, तर लगेच म्हणाल्या "के दिहुआ!" कोटणीसांचं हे चिनी नाव. १९३८ ला ते युद्धात जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर उपचार करायला इकडे आले आणि १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी इथेच गेले. काकांचे डोळे भरून आले.

मग तपासणी सुरू. बघणं, ऐकणं (यासाठी चिनीत जो शब्द आहे त्याचा अर्थ वास घेणं असाही होतो), विचारणं आणि नाडी. बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली, आधी हलकी, मग दाबून, घाई अजिबात नाही. मग जीभ बघितली, वरून आणि खालूनही. मग झोप कशी, घाम कधी येतो, तहान गार पाण्याची की गरम, शौचाला कसं होतं, पावसाळ्यात जास्त दुखतं का. काका वैतागले, गुडघा दुखतोय आणि ह्या पोटाचं काय विचारतायत? मी म्हटलं, काका, आपले वैद्यसुद्धा विचारतातच की. बाई म्हणाल्या, जिथे वाहतं तिथे दुखत नाही, दुखतं तिथे वाहत नाही. चिनीत वाहणं आणि दुखणं दोन्ही "थोंग", फक्त सूर वेगळा, हे मराठीत आणताना माझी नेहमी तारांबळ होते.

औषधं कोणती चालू आहेत, असं विचारल्यावर काका म्हणाले, बीपीची एक, आणि रक्त पातळ करायची एक, पण ती नको सांगू, ती हृदयाची आहे, गुडघ्याशी काय संबंध, उगाच घाबरतील.

आणि मी नाही सांगितली. एवढ्या वर्षांत बोललेलं गाळू नये हा पहिला नियम मी पाळत आले, आणि त्या दिवशी काकांच्या शब्दाला मान म्हणून तो मोडला.

बाई लिहायला लागल्या, दांगग्वी, होंगह्वा, सगळी रक्त "वाहतं" करणारी जडीबुटी. नाडीसाठी बाही वर केलेली होती, लिहिता लिहिता त्यांचं लक्ष काकांच्या कोपराखाली गेलं, तिथे जांभळा-हिरवा डाग. पेन थांबलं. पडलात का? नाही. दात घासताना रक्त येतं? हो, दोन दिवस येतंय. मग त्यांनी काकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे जे बोलले ते सगळं सांगितलंस का?

माझा घसाच कोरडा पडला. सगळं सांगितलं, आणि वरून कळलं की काका तीन दिवस घरून आणलेली दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा घेत होते. वॉरफरिन म्हणजे ती रक्त पातळ करायची गोळी, त्यावर रक्तस्राव वाढवणारी ही दुखण्याची गोळी, त्यात धड जेवण नाही, वॉरफरिनचा जोर कमी करणारी पालेभाजी नाही. बाईंनी लिहिलेला कागद फाडून टाकला. गुडघ्यात रक्त साकळलेलं असू शकतं, म्हणून सुई नाही, शेक नाही, मालिश तर बिलकुल नाही, आधी खाली तपासणीला जा. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, २ ते ३ मध्ये हवा, तो ४.८ आला. सोनोग्राफीत गुडघ्यात थोडं पाणी होतं, रक्त नव्हतं, सुटलो. सोलापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, त्यांनी दोन दिवस गोळी बंद करायला सांगितली आणि विमानाआधी परत तपासणी.

सगळं शरीर एकच आहे असं ही पद्धत म्हणते, ते मी शेकडो वेळा भाषांतर केलंय, पण त्या बाईंनी ज्या तऱ्हेने गुडघ्यावरचं औषध लिहिताना हात बघितला, हिरड्या विचारल्या, आणि शेवटी दुभाषीलाही तपासलं, ते बघितल्यावर मला ते खरं कळलं. आता कुणालाही डॉक्टरकडे न्यायच्या आधी मी हॉटेलच्या टेबलावर त्यांच्या सगळ्या गोळ्या काढायला लावते आणि एकेक नाव लिहून घेते.

निघताना खाली औषधांच्या काउंटरपाशी काका थांबले. भिंतभर छोटे लाकडी खण, आणि एक मुलगी तराजूवर कुणाचंतरी औषध तोलत होती. मी दाखवलं, ते लाल-केशरी म्हणजे होंगह्वा, तुम्हाला मिळणार होतं ते. मुलीने दोन पाकळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. काका बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, अगं ही तर करडईची फुलं, आमच्या शेतात बांधापर्यंत असायची. मग पाकळ्या तिला परत दिल्या आणि बाही खाली ओढली.