आत्याच्या चौकटीतलं पाणी

दसऱ्यानंतर आत्याचा फोन आला. "बाळ, भिंत हाताला कोरडी लागतेय की. दिवाळीच्या आधी रंग मारून घेऊया."

ऑगस्ट २०१९ ला कृष्णा आणि दूधगंगा एकदमच चढल्या होत्या. या दोन्ही नद्या कल्लोळ गावाला मिळतात, आणि तिथल्या तिच्या घरात आठवडाभर कमरेच्या वर पाणी होतं. मी बेळगावात सुतारकाम करतो. लाकडातली ओल मोजायचं मीटर घेऊन गेलो.

माझं मीटर सुयांचं. दोन सुया लाकडात रुतवायच्या. ओल जास्त असेल तर वीज सहज जाते, कमी असेल तर अडते, त्यावरून टक्का दिसतो. आधी माळ्यावरच्या तुळईला लावलं, तिथं पूर पोचलाच नव्हता. १२ आला. हा आकडा घेतल्याशिवाय मी खाली हात लावत नाही. त्याच घरातलं कोरडं लाकूड किती दाखवतं हे ठाऊक नसेल तर बाकीचे आकडे ताडायचे कशाशी? मग सागवानी चौकट. वरून १६. आत्या खूश झाली. पण टोकच तेवढं उघडं असलेल्या लांब सुया हातोडीनं इंचभर आत ठोकल्या, तर उंबऱ्याजवळ २७! वीसच्या वर ओल राहिली की लाकडाला बुरशी धरते, ते कुजायला लागतं. त्यावर ऑइलपेंट चढवला असता तर पाणी आतच कोंडलं असतं.

भिंतीवर आकडा थेट शेवटाला गेला. तो मी धरला नाही. मीटर लाकडासाठी आखलेलं, विटेला त्याचा टक्का लागू नाही. शिवाय भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला होता, आणि क्षार असले की थोड्या ओलीतही वीज धावते. खरी ओल काढायची तर ड्रिलनं आतला भुगा काढून कॅल्शियम कार्बाइडच्या पावडरीबरोबर बंद बाटलीत हलवतात. पाण्यानं ॲसिटिलीन गॅस होतो, त्याच्या दाबावरून टक्का कळतो. ती बाटली माझ्याकडं नाही. म्हणून दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेप मारून भिंतीला चिकटवलं. सकाळी काढलं तर आतून दवासारखे थेंब. आत्यानं बोट फिरवून बघितलं आणि दिवाळीचं नाव काढलं नाही.

चौकटीचा जुना रंग दोघांनी खरवडून काढला. सुयांच्या भोकांशेजारी खडूनं तारीख आणि आकडा लिहिला, दर महिन्याला तिथंच दोन बोटं सरकून मोजलं. २७, २३, १८. फेब्रुवारीत १४ आला. शिवरात्रीनंतर चौकटी रंगवल्या. भिंतींना मात्र चुनाच मारला, म्हणजे उरलेली ओल बाहेर पडत राहील.