रडरच्या केबलचा ताण

माझ्या विमानात पेडलांपासून रडरच्या (शेपटीवरच्या, डावी-उजवीकडे हलणाऱ्या उभ्या पंखाच्या) हॉर्नपर्यंत, म्हणजे केबल जोडायच्या दांड्यापर्यंत, जाणाऱ्या दोन्ही केबल आज जोडून झाल्या आणि उरलेला सगळा वेळ त्यांना ताण देण्यात गेला. ज्या विमानांत केबलचा बंद वळसा नसतो, तिथे परतीच्या स्प्रिंगा आणि वैमानिकाचे पाय केबल ताठ ठेवतात. माझ्या विमानात मात्र पुढच्या बाजूला दोन्ही पेडलांना जोडणारी आणखी एक केबल आहे, त्यामुळे वळशातला ताण मलाच ठरवून द्यावा लागतो.

टर्नबकलला, म्हणजे फिरवून केबल आवळायच्या किंवा सैल करायच्या आट्यांच्या जोडाला, हात लावण्यापूर्वी केबलच्या संपूर्ण मार्गावरून बोटे फिरवली. फेअरलीडने, म्हणजे केबल ज्यातून जाते त्या मार्गदर्शक तुकड्याने, केबलला घासण्यापासून वाचवायचे असते, वळवायचे नसते; तीन अंशांहून अधिक वळण असेल तर तिथे पुलीच हवी. मग प्रत्येक टोकाची तांब्याची स्लीव्ह, म्हणजे केबलचा वळसा दाबून पकडणारी नळी, नीट दाबली आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा गेजमधून (मापकातून) घालून पाहिली. स्लीव्ह आधी मध्यभागी, नंतर थिंबलच्या (वळशाच्या आत बसणाऱ्या धातूच्या खाचेच्या) बाजूला आणि शेवटी मोकळ्या टोकाकडे दाबलेली आहे. ३.२ मिलिमीटर जाडीच्या, सात पेडांच्या आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारा असलेल्या जस्तलेपित केबलची ताकद २००० पौंड असते, पण ती ताकद टोकाच्या जोडापर्यंत पोहोचते की नाही हे या एवढ्याशा तांब्याच्या तुकड्यावर अवलंबून असते. म्हणून गेज न लावता नुसत्या नजरेने स्लीव्ह पास करणे मला मान्य नाही.

त्यानंतर पेडले समपातळीत क्लॅम्प केली. एकाच टर्नबकलच्या जोडीने दोन वेगळी कामे होतात, हे इथे लक्षात ठेवावे लागते: एक बाजू आवळून दुसरी तेवढीच सैल केली तर रडर सरकतो आणि ताण जवळपास तसाच राहतो, तर दोन्ही बाजू सारख्या आवळल्या तर रडर जागच्या जागी राहून ताण वाढतो. त्यामुळे मी आधी रडर नेमका मध्यावर आणला आणि मगच दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळत गेलो. टर्नबकलचा मधला भाग, म्हणजे बॅरल, फिरवताना दोन्ही टोके पकडून ठेवली, नाहीतर केबललाच पीळ बसतो.

ताण किती असावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. आराखड्याने दिलेल्या मर्यादेतही खालच्या बाजूला राहावे. केबल जास्त ताणली की पुलीच्या बेअरिंगवर भार येतो, घर्षण वाढते आणि पायाला रडरचा खरा स्पर्श कळेनासा होतो. फार सैल ठेवली तर पेडल हलते आणि रडर उशिरा हलतो, आणि केबल पुलीच्या खाचेतून निसटण्याचा धोकाही असतो. त्यातच सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि केबल पोलादी. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे चार मीटर लांबीत तीस अंशांच्या फरकाने दोघांमध्ये जवळजवळ दीड मिलिमीटरचे अंतर पडते. उन्हात केबल आपोआप आवळते आणि थंडीत सैल पडते. म्हणून वहीत ताणाच्या आकड्याशेजारी तापमानही लिहिले. तापमानाशिवाय तो आकडा मला अर्धवट वाटतो.

टेन्शन मीटर टोकांपासून आणि पुल्यांपासून दूर, केबलच्या मोकळ्या भागावर लावला. दोन्ही बाजूंचे आकडे जुळल्यावर क्लॅम्प काढून पेडले एका स्टॉपपासून दुसऱ्या स्टॉपपर्यंत फिरवली. उजवे पेडल दाबल्यावर रडरची मागची कड उजवीकडे जाते, हे शेपटीजवळ उभे राहून सहकाऱ्याने मोठ्याने सांगितले. वायरिंगच्या एका बंडलाशी पुढची केबल फार जवळ येत होती. ते बंडल वर उचलून बांधले.

टर्नबकलच्या दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसत नाहीत, हेही तपासले. लॉकवायर, म्हणजे टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून बांधायची तार, मात्र आज बांधली नाही. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, म्हणून रात्रभर ताण तसाच ठेवून सकाळच्या गारव्यात पुन्हा मोजणार आहे, आणि आकडे मर्यादेत असतील तरच तार घालणार आहे. तोवर दोन्ही पेडलांना लाल पट्टी बांधून ठेवली आहे.