तुम्ही विचारलंत म्हणून: एडिटिंगला कुठला पीसी घेऊ?

"अण्णा, एडिटिंगला कुठला पीसी घिऊ? लाखभर बजेट आहे."

लगीनसराई तोंडावर आली की हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतो. विचारणाऱ्याच्या हातात सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानातून आणलेलं कोटेशन असतं आणि ग्राफिक कार्डाच्या ओळीभोवती पेनाने गोल केलेला असतो. मी कोटेशन बाजूला ठेवून उलट विचारतो, "कॅमेरा कुठला? आणि शूट कशात करतोस?" पोरगं नाराज होतं. पीसी विचारायला आलो, हे कॅमेऱ्याचं काय काढलंय!

काढलंय कारण मी स्वतः तिथेच ठेच खाल्ली आहे. 2022 च्या दिवाळीत मशीन असेंबल करून घेतलं. इंटेलचा आय-7 12700एफ, एनव्हिडियाचं 3060 कार्ड, 12 जीबीचं. नावाच्या शेवटचं 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक नाही. वेगळं कार्ड घेतोच आहे, मग आतलं कशाला, असा हिशेब करून दोनेक हजार वाचवले. दोन महिन्यांनी आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली. नवा कॅमेरा हातात होता, म्हणून ऐटीत 10-बिट 4:2:2, म्हणजे रंगांचे बारकावे जास्त साठवणारी सेटिंग, लावून नंदीध्वजांची मिरवणूक शूट केली. भक्तांच्या अंगावरच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्यांमधल्या चुण्या न् चुण्या दिसाव्यात, एवढाच हट्ट. घरी येऊन एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर टाकलं, तर 'हर्र बोला हर्र' खणखणीत ऐकू येतंय आणि पडद्यावर नंदीध्वज हवेत थिजलेला. पुढच्या क्षणी तो एकदम दहा फूट पुढे. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं: प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकतोय आणि महागडं कार्ड निवांत बसलंय.

झालं होतं असं. कॅमेरा व्हिडिओ घडी घालून साठवतो, आणि प्ले करताना प्रत्येक फ्रेमची घडी उलगडावी लागते. त्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय असते, पण प्रत्येक चिपला प्रत्येक घडी उलगडता येत नाही. एच.265 ही घडी घालायची एक पद्धत. तिच्यातलं 10-बिट 4:2:2 इंटेलचं आतलं ग्राफिक अकराव्या पिढीपासून उलगडतं. एनव्हिडियाच्या 30 (माझं 3060 त्यातलंच) आणि 40 मालिकेला ते जमत नाही, 2025 मध्ये आलेल्या 50 मालिकेला जमतं. म्हणजे ज्या भागावर मी दोन हजार वाचवले, नेमका तोच मला हवा होता. तो सगळा सीझन रात्री प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवायला लावून झोपायचं, सकाळी उठून हलक्या फायलींवर कापाकापी करायची, असा काढला. प्रॉक्सी वाईट नाही. पण गिऱ्हाईक दारात उभं राहून "टीझर कधी?" विचारतं तेव्हा ती रात्र फार लांब वाटते.

दुसरा लाडका गैरसमज म्हणजे 'व्हिडिओ अडकतोय, भारीतली एसएसडी टाकतो'. हिशेब करा. 100 एमबीपीएसचं (सेकंदाला 100 मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) 4-के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. साधी हार्ड डिस्कही सलग वाचताना दीडशेच्या आसपास देते. एका कॅमेऱ्याची साधी क्लिप अडकत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. जागेचं मात्र वेगळं आहे. तासाला 45 जीबी. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की 540 जीबी, म्हणजे 1 टीबीच्या एसएसडीत दोन लग्नं मावत नाहीत. चालू काम एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) ठेवायचं, आटोपलेलं मोठ्या हार्ड डिस्कवर ढकलायचं.

फ्लेक्सवाल्यांची गोष्टच निराळी. 20 बाय 10 फुटांचा बोर्ड 72 डीपीआयने (इंचाला 72 ठिपके) केला तर 17,280 बाय 8,640 पिक्सेल होतात. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात, एका पूर्ण लेयरचा कच्चा माल साधारण 600 एमबी. त्यात वाढदिवसाच्या बोर्डावर साहेब मध्ये, आणि खाली शुभेच्छुकांची जत्रा. फोटोशॉपला तिथे रॅम लागते, 32 जीबी तरी. तीही 16 च्या दोन काड्या घ्या, एकच 32 ची नको. 'पुढे अजून दोन टाकू' असंही ठरवू नका, डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमच्या चार काड्या लावल्या की बहुतेक मदरबोर्डांवर तिचा वेग खाली येतो. गंमत म्हणजे आपल्याकडे टॉवेल-चादरीचं डिझाइन करणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. तिथे रुंदीतला एक पिक्सेल म्हणजे एक धागा. मागावर नक्षी पाडणारं, धागे उचलणाऱ्या 2,688 हुकांचं जॅकार्ड असेल तर रुंदी 2,688 पिक्सेल, खेळ खलास. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवरही ते सुखाने चालतं.

फ्लेक्सवाल्यांनी कार्डाचे पैसे मॉनिटरला लावावेत. रंग नीट दाखवणारं आयपीएस पॅनल, एसआरजीबी या ठरलेल्या रंगपट्ट्यातले सगळे रंग दाखवणारं. स्क्रीनवर पेटलेला भगवा छापून मातकट येतो आणि बोलणी डिझायनर खातो. तो झगझगीत भगवा मुळात सीएमवायकेच्या शाईत बसतच नाही, पण निदान काय येणार ते आधी दिसलं तर पाहिजे ना.

आता कोटेशनमध्ये शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात असतं ते. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, फुकट आल्यासारखा कॅबिनेटबरोबर येतो, तो घेऊ नका. आणि यूपीएस. बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस जेमतेम 360 वॅट देतो. माझा प्रोसेसर भरात आला की 180 खातो, कार्ड 170. मॉनिटर आणि पंखे अजून धरलेच नाहीत. लाइट गेली, रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) चालू होतं, यूपीएस एकदा 'टीं' म्हणाला आणि सगळंच झोपलं. 1 केव्हीएच्या खाली येऊ नका.

उन्हाचंही धरा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवाच चाळिशी ओलांडते, तिथे पुढून काच लावलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट म्हणजे तंदूर. प्रोसेसर शंभर अंशाला टेकला की स्वतःच वेग कमी करतो. पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. शेजारी यंत्रमाग असेल तर ती जाळी पंधरवड्याला ब्रशने झाडा, सुताचा तूस नमद्यासारखा बसतो.

परवा आलेल्या पोराला म्हटलं, "कोटेशन राहू दे. तुझ्या कॅमेऱ्यातली मिनिटभराची क्लिप पेन ड्राइव्हवर आण." दुसऱ्या दिवशी आणली. 8-बिट 4:2:0, म्हणजे रंगांचा तपशील कमी असलेली साधी, निघाली, कुठलंही कार्ड हसत उलगडेल अशी. त्याच्या जुन्या मशीनमध्ये 8 जीबीची एकच काडी होती आणि विंडोज हार्ड डिस्कवर. दुखणं कार्डाचं नव्हतं, इथलं होतं.

"मग नवा पीसी नको काय बे मला?" चेहरा पाहण्यासारखा झाला होता. रॅम आणि एसएसडी घेऊन गेला, जाताना कोटेशन मात्र घडी घालून खिशात ठेवलं.