हॅवलॉक: एलिफंट बीचची पायवाट आणि 'नाममात्र' तिकीट

पोर्ट ब्लेअरला आत्याकडे राहायचे आणि अंदमानात नुसता आराम करायचा, असे ठरवून आम्ही दिवाळीच्या सुटीत गेलो. आत्याच्या घरचे दिवस खाण्यात आणि दुपारच्या झोपेत उत्तम गेले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते हॅवलॉक बेटाविषयी, आणि त्यातही एलिफंट बीचच्या पायवाटेविषयी, जिचे वर्णन आमच्या आतेभावाने 'बागेत फिरल्यासारखी' असे केले होते.

त्याच्याच सांगण्यावरून सुरुवातीला बोटीच्या तिकिटाचा घोळ झाला. सरकारी बोटीचे भाडे नाममात्र असते हे त्याच्यापुरते खरे आहे, कारण तिथल्या रहिवाशांना ओळखपत्रावर वेगळा, कमी दर लागतो. पाहुण्यांना तो मिळत नाही, मग ते कोणाच्याही घरी उतरलेले असोत. तरीही ज्यांना बोटीत मळमळते त्यांनी सरकारी बोटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला अडीच तास लागतात, पण डेकवर वाऱ्याला उभे राहता येते. खाजगी बोट दीड तासात पोहोचवते खरी, परंतु समुद्र खवळलेला असताना बंद वातानुकूलित कक्षातले ते दीड तास फार लांब वाटतात. 2018 पासून हॅवलॉकचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आणि 2024 पासून पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम असे आहे, त्यामुळे आरक्षण करताना दोन्ही नावे शोधावीत.

आता पायवाट. बेटावरच्या राधानगर किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ती फुटते आणि जेमतेम दोन किलोमीटरची आहे. पहिला भाग दाट जंगलातला, उताराचा आणि खरोखर सुंदर आहे. पुढे मात्र चिखल सुरू होतो. आपल्याकडे दिवाळीला पाऊस संपलेला असतो. अंदमानला नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ ईशान्येचाही पाऊस मिळतो, आणि नोव्हेंबरात तो भरपूर पडतो, हे आम्हाला घरातल्या कोणीही सांगितले नाही. उतारावरचा तो चिकट चिखल एकेका पावलाला बूट ओढून घेत होता, आणि शेवटी खारफुटीच्या पट्ट्यात भरतीचे पाणी गुडघ्यापर्यंत आले होते, ज्याखाली मुळांचे खुंट दिसत नव्हते. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्याला हे अशक्य नाही. पण आराम म्हणून कोणी सुचवले तर ऐकू नये, आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना तर मुळीच नेऊ नये.

जायचेच असेल तर पट्ट्याच्या, घट्ट बसणाऱ्या सँडल घालाव्यात, कारण कॅनव्हासचे बूट तिथेच संपतात. भरतीची वेळ स्थानिकांना विचारूनच निघावे. तिथीवरून भरती काढण्याचे कोकणातले गणित तिथे चालत नाही. सकाळी लवकर निघावे हे सर्वांत महत्त्वाचे. बेटे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे दहा अंश पूर्वेला असल्याने नोव्हेंबरात पाच वाजताच सूर्य मावळतो, आणि जंगलात अंधार त्याहूनही आधी पडतो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर स्वच्छ पाणी, प्रवाळ आणि वाळूत आडवे पडलेले प्रचंड ओंडके दिसले, तेव्हा सगळा राग विसरून मी पाण्यात उतरलो हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. परतीला मात्र आम्ही बोटच केली, आणि पुन्हा गेलो तर जातानाही बोटीनेच जाईन.

शेवटची गोष्ट रिक्षांची. धक्क्यावर उतरल्याबरोबर जो दर सांगितला गेला, तो आत्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलेल्या दराच्या जवळपास दुप्पट होता, आणि रांगेतल्या प्रत्येकाने जणू ठरवून तोच आकडा सांगितला. धक्क्याबाहेर शंभर-दोनशे पावले चालून विचारले की दर खाली येतो. राधानगरला सरकारी बसही जाते. तिच्या फेऱ्या कमी आहेत, म्हणून परतीच्या बसची वेळ चालकालाच विचारून ठेवावी, आणि सुटे पैसे जवळ बाळगावेत, कारण तिथे मोबाईलचे जाळे मध्येच जाते आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत.