भंडारदऱ्याला कुत्रा घेऊन जाताय? रात्री तो कुठे झोपणार ते आधी विचारा

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी कुत्र्यासकट तंबूत राहायचं असेल, तर बुकिंगच्या फोनवर सगळ्यात आधी एकच विचारा: रात्री कुत्रा कुठे झोपणार? "या तर खरं, करू काहीतरी ॲडजस्ट" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. "बाहेर बांधू" असं आलं तर फोन ठेवून द्या. भाडं, जेवण, तंबूतून दिसणारं पाणी हे सगळं त्यानंतर.

आम्ही जिथे उतरलो तिथल्या जाहिरातीत पाण्याला टेकलेले तंबू होते आणि शेजारी सोनेरी केसांचा एक गुबगुबीत कुत्रा. आमची ठमी गावठी, वजन अठरा किलो. तिचं वय, लसीकरण, स्वभाव सगळं मी फोनवर सांगितलं होतं. "बिनधास्त आणा ताई, आपल्याकडे पेट अलाउड आहे." माणशी १,२०० रुपयांत तंबू, चहा-भजी, चिकन भाजायला शेगडी, रात्रीचं जेवण आणि सकाळी पोहे. पोचल्यावर कुत्र्याचे ५०० वेगळे मागितले. कशाचे, तर 'पेट चार्ज'. त्या पाचशेत पाण्याचं भांडं नाही, अंथरूण नाही, सावलीची जागा नाही. आणि दहाच्या सुमारास, जेवणं आटोपल्यावर, एक पोरगा साखळी घेऊन आला. कुत्रं तंबूत चालणार नाही, गाद्यांना वास लागतो, त्या झाडाला बांधा. झाड शेवटच्या तंबूपासून पन्नासेक पावलांवर, आणि त्याच्यामागे लगेच झाडोऱ्याने भरलेली ओढ्याची घळ.

हा अकोले तालुका आहे. इथे बिबट्या ही नेहमीची गोष्ट आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. गावात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्रं अंगणात असतं. अशा भागात अनोळखी जागी, साखळीने बांधलेल्या, पळताही न येणाऱ्या कुत्र्याचं काय होऊ शकतं हे मला वेगळं सांगायला नको. आणि हे त्या मालकाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही, कारण त्याच्याच चुलीवर भाकऱ्या करणाऱ्या मामांना ते पक्कं ठाऊक होतं.

मामांचा स्वतःचा कुत्रा चुलीशेजारी बसला होता. गळ्यात जाड चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्यातून बाहेर टोकं काढलेले बोटभर लांब खिळे, गंजून लालसर झालेले. त्यातले दोन वाकलेले होते. कशाने वाकले विचारलं तर म्हणाले, "भादव्यात धरला व्हता मानंला. खिळं टोचलं म्हून सोडला." मग ठमीच्या नायलॉनच्या पट्ट्याकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, भाईर नका बांधू."

मालकाशी तासभर वाद झाला. तंबूत नाही म्हणजे नाही. शेवटी ठमी आणि मी गाडीत झोपलो, काचा दोन बोटं उघड्या ठेवून. गाडी तरी जवळ होती का, तर तीही नाही, वर रस्त्यालगत. जानेवारीत इथली थंडी हाडात शिरते, आणि मागच्या सीटवर ठमीला कुशीत घेऊन रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पाचशे परत मागितले, मिळाले नाहीत. ही जागा कुत्रा असलेल्या कोणासाठीही नाही, फुकट दिली तरी.

म्हणून जाण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: कुत्रा तंबूच्या आत झोपेल, त्याचे वेगळे पैसे इतके, आणि गाडी तंबूजवळ उभी राहील. तोंडी काही धरू नका. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचा तंबू न्या आणि गावातल्या एखाद्या घराच्या आवारात लावू द्याल का ते विचारा. दोन माणसं नि एक कुत्रा असेल तर तीन माणसांचा तंबू लागतो. तळाला जुनी सतरंजी घाला, नाहीतर नखांनी तळ फाटतो. रात्रीची शू अंधार पडायच्या आत उरकून घ्या. मध्यरात्री न्यावंच लागलं तर दोघांनी जा, एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात आखूड धरलेला पट्टा. पाच मीटर लांब होणारे पट्टे घरी ठेवा. रात्रभर भुंकणारा कुत्रा असेल तर तंबूचा हट्ट सोडून दाराला कडी असलेली खोली घ्या.

पाण्याबद्दल. भंडारदऱ्याचं धरण म्हणजे प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ सालचं. शेतीसाठी आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसतो, आत मऊ असतो. ठमी पाणी बघून धावली आणि पोटापर्यंत रुतली. तिला ओढून काढताना मी गुडघ्यापर्यंत आत. गाळ दिसला तर पट्टा सोडू नका आणि जिथे दगड पाण्यात उतरतात तिथूनच कुत्र्याला पाण्यात घाला. मासेमारीची जाळी काठालगतच असतात, पाय अडकतो. पिण्याचं पाणी घरून. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस झालेली नसेल तर पाण्यात उतरवूच नका.

साम्रद, घाटघर, रतनवाडी हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे कुत्रा घेऊन जंगलात भटकायचं नाही, माझं मत यात पक्कं आहे. आपल्या कुत्र्याला बिबट्यापासून धोका आहे तसा जंगलातल्या प्राण्यांना आपल्या कुत्र्याच्या आजारांपासूनही आहे. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, कुत्र्यांना होणारा तोच. साम्रदजवळची सांदण दरी तर विसराच. मोठमोठे धोंडे, मध्ये साचलेलं गार पाणी, कुत्र्याला उचलून किती ठिकाणी चढवणार? आम्ही आळीपाळीने गेलो, एक जण ठमीपाशी. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात सकाळी लवकर गेलो, तो दिवस उत्तम गेला.

शेगडीवरचं चिकन संपलं की हाडं तिथेच पडतात. शिजलेली हाडं तडकून टोकदार होतात, आतड्यात रुततात, शिवाय त्याच हाडांसाठी गावातली कुत्री जमतात आणि मारामारी होते. तंबूभोवतीची हाडं आपण स्वतः उचलायची. घोटीकडून आलात आणि वाटेत द्राक्षं घेतलीत तर पेटी डिकीत ठेवा. द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. काही झालंच तर जवळपासचे सरकारी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींचे, कुत्र्यांचा सराव असलेला डॉक्टर गाठायचा तर संगमनेर नाहीतर नाशिक धरून चला.

दुसरीकडे जायचं म्हणत असाल तर पवनेला शनिवारी मुळीच नको. एकाला एक लागून तंबू, मध्यरात्रीपर्यंत स्पीकर, वाढदिवसाचे फटाके. आवाजाला बिचकणारा कुत्रा साखळी तोडून पळेल. आडवारी गेलात तर गोष्ट वेगळी. कोयनेच्या जलाशयाकाठी तापोळा-बामणोलीला आपल्या काठावर राहायला हरकत नाही, पण वासोटा किल्ल्याच्या बोटीत कुत्रा नेण्याचा विचार करू नका. पलीकडे कोयना अभयारण्य आहे आणि ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथेही प्रश्न तोच: रात्री कुत्रा कुठे झोपणार?

घरी परतल्यावर गोचिडी बघा. गुरं चरतात त्या गवतात आपण बसतो, लोळतो. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवून बघा. ठमीच्या कानात मसुरीएवढी एक सापडली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-रॉकेल काही लावायचं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा, आणि तळ्याकाठी राहून आलोय हे न विचारता सांगा.